अण्णा अजून कामावर आहेत

माणसं जाऊ नयेत म्हणून मला पगार मिळतो. तंजावरात कोणाला हे सांगितलं की वाटतं मी इस्पितळात कामाला आहे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथली मुलं दुसरी नोकरी धरून निघून जातात, ती जाऊ नयेत, खुशीत राहावीत, आजारी पडू नयेत, हे पाहणं माझं काम. घर आमचं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं मराठी. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात काढली, तिथे देवनागरी धड वाचायला शिकले. त्याआधी मराठी माझ्या तोंडात होती, डोळ्यांत नव्हती. पुण्यात माझं बोलणं ऐकून लोक हसायचे, म्हणून त्यांच्यासारखं बोलायलाही शिकले. मग इकडे परत आले.

महामारीत बंगळूर-चेन्नईची मुलं आपापल्या गावी आली आणि नंतर परत जाईनात. आमच्या कंपनीने शहाणपणा केला आणि तंजावरातच एक छोटं ऑफिस थाटलं. खाली रेशमी साड्यांचं दुकान, वर आम्ही. पापनाशमहून, ओरत्तनाडूहून, तिरुवैयारूहून मुलं बसने येतात आणि परदेशातल्या दुकानांचे हिशेब सांभाळणारे प्रोग्रॅम चालवतात. साहेब लोक बंगळूरला. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना उत्तम सवय आहे.

या शेळ्या खूश राहाव्यात म्हणून बंगळूरहून नाना उपाय येतात. बुधवारी फळांची टोपली येते, गच्चीवर योगासनं होतात. दर सोमवारी प्रत्येकाच्या फोनवर एक प्रश्न येतो, आज तुम्हाला कसं वाटतंय, आणि खाली पाच पिवळी तोंडं असतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. त्यातलं एक दाबायचं. माझ्याही फोनवर तो प्रश्न येतो, पण डबे भरून मी फोन हाती घेते तेव्हा दाबून झालेलं असतं. सगळ्या तोंडांचा गोषवारा माझ्याकडे येतो आणि तो मी वर वाचून दाखवते. पोरांना हवी असते झोप, त्यांना मिळतात केळी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं मी एकदा मीटिंगमध्ये बोलून गेले होते. सुदैवाने तिथे ते कोणाला समजलं नाही.

अण्णा आमच्या ऑफिसातले सर्वांत जुने इंजिनियर. वयाने फार नव्हते, चाळिशी ओलांडलेली, पण बाकीची पोरं इतकी कोवळी की सगळे त्यांना अण्णाच म्हणत. तेही आमच्यातलेच, गावातल्या मेलवीधी रस्त्याला घर. ऑफिसात तमिळ बोलायचे, माझ्याशी मात्र दार लावून आमच्या घरच्या मराठीत. परदेशातल्या औषधांच्या दुकानांचा साठा रोज जुळवणारा एक जुनाट प्रोग्रॅम होता, तो त्यांनी एकट्याने वाढवला होता. तिकडची दुकानं बंद होतात तेव्हा इकडे उजाडत असतं. साठा जुळवताना प्रोग्रॅम अडला की अण्णांचा फोन कर्कश वाजायचा, बहुतेकदा पहाटे, कधी दिवसाही. फोनवर एक हिरवं बटण यायचं. ते दाबलं की सगळ्यांच्या ग्रुपवर आपोआप ओळ उमटायची, ‘अण्णांनी हे हाती घेतलं आहे.’ मग बाकीच्यांनी निश्चिंत झोपायचं. न दाबलं तर थोड्या वेळाने दुसऱ्याचा फोन वाजायचा.

एका सकाळी स्नान करून, शर्ट घालता घालता अण्णा खाली बसले, ते उठलेच नाहीत. इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं. आम्ही सगळे गेलो. पोरं रडली. बंगळूरहून हार आला, त्याच्या पट्टीवर कंपनीचं चिन्ह होतं. ते कोणाला सुचलं असेल ते असो, मी ती पट्टी काढून टाकली.

माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं असा नियम आहे. अण्णांचं बंद करता आलं नाही. त्या जुन्या प्रोग्रॅमला दुकानांच्या हिशेबात शिरू देणारी एकेक किल्ली अण्णांच्या नावाने चालत होती. सुरुवातीला घाईत त्यांनी स्वतःचं खातं जोडलं असणार, नंतर बदलायला कोणी सवड दिली नसणार. खातं बंद केलं तर सगळ्या दुकानांचं काम ठप्प. बंगळूरने सांगितलं, तिकडचा सणासुदीचा हंगाम आहे, तो संपेपर्यंत कोणी हात लावू नका. अण्णा कंपनीच्या लेखी कामावर राहिले. त्यांचा वाढदिवस आला तेव्हा सगळ्यांच्या पडद्यावर फुगे उडाले. किती लोक टिकले याचा आकडा वर जातो, त्यातही अण्णा होते. मी तक्रार केली. आकडा खात्यांवरून आपोआप निघतो, त्यात आपण काय करणार, असं उत्तर आलं.

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांत, पहाटे पहाटे, ग्रुपवर ओळ उमटली. अण्णांनी हे हाती घेतलं आहे.

त्या दिवशी ऑफिसातल्या एका मुलीने आपल्या मेजावर गणपतीचं चित्र आणून ठेवलं. बंगळूरच्या तज्ज्ञांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, अण्णांनी बटण दाबणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला असेल, हुशार माणूस होता, स्वतःची झोप वाचवत असेल. हे सगळ्यांना लगेच पटलं. आमच्याकडची माणसं अशीच आहेत. एखादी गोष्ट वारंवार होते म्हटलं की ती यंत्रच करत असणार, दुसरं त्यांच्या मनात येत नाही. कोणी तो प्रोग्रॅम शोधून पाहिला नाही, कारण त्या खात्याला हात लावायचाच नव्हता. मलाही पटलं. पण ती ओळ आली की मी फोन पालथा घालून ठेवायचे, हेही खरं.

ही ओळ ज्या मुलीच्या वाट्याला आली तिच्याविषयी सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्याविषयीच आहे. ती पापनाशमची. कॉलेजातून थेट अण्णांच्या हाताखाली आलेली, आणि त्यांचं काम समजणारी आता ती एकटीच. घरी आई, तिला संधिवात, वडील नाहीत. चेन्नईला जायचं तर आईला टाकून जायचं, आणि आई घर सोडायला तयार नाही. तंजावरातलं आमचं ऑफिस उघडलं नसतं तर शिकलेलं सगळं बासनात बांधून ती घरी बसली असती. हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि असंही सांगितलं होतं की हे काम तिला मनापासून आवडतं. माझ्या नोकरीत असं वाक्य क्वचित ऐकू येतं, त्यामुळे ते लक्षात राहिलं. ती टिकावी असं मला वाटायचं, आणि ते पगारापुरतं नव्हतं.

अण्णांच्या मागे अलार्म तिच्याकडे यायला हवा होता. पण तो आधी अण्णांकडेच जायचा, तिथे ‘हाती घेतला’ जायचा, आणि हिच्या फोनवर फक्त ती ओळ यायची. गेलेला माणूस काही दुरुस्त करणार नाही हे हिला ठाऊक, म्हणून ओळ आली की ही उठून बसायची आणि सगळं तपासायची. बहुतेकदा प्रोग्रॅम आपला आपण सावरायचा. मग उजाडेपर्यंत ही तशीच बसून. पापनाशमची पहिली बस पकडून ऑफिसला यायची तेव्हा डोळे सुजलेले असायचे. मी विचारलं की म्हणायची, काही नाही अक्का.

एकदा कॉफी पिताना तिने मला सांगितलं की ते यंत्र नाही. मी हसले नाही, पण समजूत घालायला लागले. तिने मला थांबवलं. यंत्र असेल तर दर वेळी सारखाच वेळ लागेल, ती म्हणाली. कधी लगेच ओळ येते, कधी बराच वेळ जातो. आणि शुक्रवारी नेहमी उशिरा येते. अण्णा होते तेव्हाही शुक्रवारी उशीर व्हायचा, त्या दिवशी त्यांची पूजा मोठी असायची. मी जुने संदेश काढून पाहिले. शुक्रवारचा उशीर खरा होता. देवधर्म मी बेताचा करते, भुताखेतांवर तर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्या दिवशी मी अण्णांच्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूने न जाता लांबून वळसा घालून बाहेर पडले.

तोपर्यंत त्या खुर्चीवर कोणी बसत नसे. हे मी बंगळूरला कळवलं तर त्यांनी शोकाच्या विषयावर एक ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. बोलणाऱ्या बाई चांगल्या होत्या. डोळे मिटा आणि गेलेल्या माणसाला निरोप द्या, असं त्या म्हणाल्या. नेमकं तेव्हाच ग्रुपवर ओळ आली. पोरांनी डोळे उघडले.

मग जे व्हायचं ते झालं. एका सकाळी अण्णांनी काम हाती घेतलं आणि प्रोग्रॅम सावरला नाही. ती तेव्हा बसमध्ये होती, ओळ आली आणि रेंज गेली. परदेशातल्या दुकानांचा साठा अर्धवट राहिला, तिकडून ओरडा आला. सगळ्यांच्या मीटिंगमध्ये तिला विचारण्यात आलं की तुम्ही पाहिलं का नाही. ती म्हणाली, अण्णांनी घेतलं आहे असं लिहून आलं होतं. पलीकडे कोणीतरी हसलं. हसणाऱ्याला मी ओळखते, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते हसू सगळ्यांनी ऐकलं.

ती सरळ माझ्या खोलीत आली. दार लावलं. रडली नाही. तमिळमध्ये, अगदी हळू आवाजात म्हणाली, “अक्का, आमच्या घरी माणूस गेला की आम्ही त्याला वाट करून देतो. तुम्ही लोकांनी त्यांना कामाला लावून ठेवलंय.” पुढे एवढंच म्हणाली की त्यांचं नाव काढा, ते निघालं तर मी राहीन, नाहीतर मी जाते.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. बंगळूरला फोन लावला आणि पुण्यात शिकलेलं, तंजावरात शिकलेलं, सगळं बोलले. ही मुलगी गेली तर तो प्रोग्रॅम समजणारं जिवंत माणूस तुमच्याकडे उरणार नाही, हे सांगितल्यावर मात्र ते ऐकू लागले. माणसाच्या झोपेवर हलत नाहीत, प्रोग्रॅमवर हलतात. परवानगी मिळाली. तिने दिवसचे दिवस बसून सगळ्या किल्ल्या एका नव्या खात्याकडे वळवायची तयारी केली. शेवटची एक पायरी राहिली. खात्यात शिरायला एक आकडा लागणार होता आणि तो अण्णांच्या फोनवर येणार होता.

फोन त्यांच्या घरी. मी वैनींना, म्हणजे अण्णांच्या बायकोला फोन करून विचारलं, तो अजून चालू आहे का. आहे की, त्या म्हणाल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. गेलेल्या माणसाचा फोन कोण रोज चार्ज करतं?

शनिवारी सकाळी लवकर आम्ही दोघी मेलवीधीला गेलो. तिने मुद्दाम आदल्या रात्री तंजावरात मैत्रिणीकडे मुक्काम केला होता. वैनी घरी एकट्याच होत्या, मुलगा तिरुचीला वसतिगृहात. दारात कोलम, तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालून झालं होतं, ओला केर बाजूला होता. त्यांनी आम्हाला आत बसवलं, कॉफी आणायला गेल्या. मी मुलीची ओळख करून दिली, अण्णांच्या हाताखालची, एवढंच. वैनी तिच्याशी तमिळ बोलल्या, आई कशी आहे वगैरे. मग मी कामाचं काढलं. ऑफिसचं एक किरकोळ काम आहे, अण्णांच्या फोनवर आकडा येईल तो पाहायचा आहे, असं सांगितलं. फोन स्वयंपाकघरात आहे, आणतें म्हणून त्या उठल्या.

तेवढ्यात आत अलार्म वाजला. तो आवाज मी ऑफिसात असंख्य वेळा ऐकलेला आहे. मुलगी अर्धवट उठून उभी राहिली. आम्हाला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. वैनींनी पदराला हात पुसला, तांदळाच्या डब्यावर ठेवलेला फोन उचलला, जरा लांब धरून पाहिला, अंगठ्याने दाबला आणि परत ठेवला. आवाज थांबला. मग गॅसवरचं दूध उतरवलं.

आणि मुलीच्या हातातला फोन थरथरला. तिने तो माझ्यापुढे धरला. अण्णांनी हे हाती घेतलं आहे.

कॉफी घेऊन वैनी बाहेर आल्या तेव्हा आम्ही दोघी उभ्याच होतो. मी विचारलं, वैनी, हे तुम्ही कधीपासून करता. त्यांना प्रश्न नीट कळला नाही. मग माझ्याकडे पाहत आमच्या मराठीत सांगू लागल्या. अण्णा पूजेला बसले की मध्ये उठायचे नाहीत आणि फोन तर वाजायचा, म्हणून फार पूर्वी त्यांनी शिकवून ठेवलं होतं की हिरवं दिसलं की दाब. स्नानाला गेले तरी त्याच दाबायच्या. शुक्रवारी वैनी स्वतः नाहून, उंबरा पुसून, कोलम मोठं घालून मगच आत येतात, म्हणून शुक्रवारी उशीर व्हायचा. तेव्हाही आणि आताही.

“पण आता ते नाहीत ना,” मी म्हणाले. असं बोलायला नको होतं, पण निघून गेलं.

“नाहींत,” वैनी म्हणाल्या. “पण वाजतो तर आहे. मी नाहीं दाबलें तर आणखी कोणाला उठवतो ना तो? अस्कीं लहान पोरं आहेत तिकडे, पावम, निजूंदे. मी सुम्माच जागी असतें.”

मुलीला मराठी येत नाही, त्यातले तमिळ शब्द तेवढे तिला कळले, पावम म्हणजे बिचारी आणि सुम्मा म्हणजे उगीच. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी तमिळमध्ये सांगितलं की त्या तुमच्या झोपेसाठी दाबतात. ती खाली बसली.

वैनींना तिचा चेहरा पाहून वाटलं आपलं काही चुकलं. कोणी नको म्हटलं नाही म्हणून दाबत राहिलें, असं त्या पुनःपुन्हा म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं की सोमवारी पिवळीं तोंडं येतात, त्यांतलंही एक दाबतें, हसणारंच. रडकं दाबून त्यांच्या नोकरीवर कोणाचा डोळा कशाला. दर आठवड्याला पिवळ्या तोंडांचा गोषवारा मी बंगळूरला अभिमानाने वाचून दाखवायचे, त्यात हे तोंड होतं. आमच्या ऑफिसातला सर्वांत समाधानी माणूस.

पुढचं त्यांनी फार सहज सांगितलं. त्या सकाळीही वाजला होता. अण्णा खाली बसले, वैनींनी त्यांना मांडीवर घेतलं होतं, शेजाऱ्याला हाक मारली होती, तो गाडी काढत होता. फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात वाजत होता. “एका हातानें त्यांना धरलें,” त्या म्हणाल्या, “एका हातानें दाबलें.”

मी ते मुलीला तमिळमध्ये सांगितलं नाही. पण तिने वैनींचे हात पाहिले होते, सांगताना त्या हातांनी जे केलं ते. सांगायची गरज राहिली नाही.

आकडा आला. तिने तो आपल्या लॅपटॉपवर टाकला, बराच वेळ काम केलं, आणि शेवटी म्हणाली की झालं. आता तो फोन वाजणार नाही, मी वैनींना सांगितलं. त्या बरं झालं म्हणाल्या. थोड्या वेळाने परत विचारलं, सकाळीं पण नाहीं? मी म्हणाले नाही. त्या आत गेल्या आणि कॉफीचे पेले घासायला लागल्या, ते घासून झाले तरी घासत होत्या. निघताना त्यांनी मुलीला कुंकू लावायला दुसऱ्या घरची बाई बोलावली. स्वतः लावत नाहीत आता. मुलीने त्या बाईला नको म्हटलं आणि वैनींच्या पाया पडली.

परत येताना मी तिला तिरुवैयारूच्या रस्त्यावर नदीकाठी नेलं, कावेरीला पाणी होतं. मनातून मी मात्र सुटले होते. भूत नव्हतं, एक भली बाई होती. नाव निघालं होतं. तिची अट पुरी झाली होती. पुढच्या पहाटेपासून अलार्म सरळ तिच्याकडे येणार होता, ती उठणार, पाहणार, झोपणार, सगळं नियमाप्रमाणे. बंगळूरहून दोघींना शाबासकी आली. अण्णांच्या खुर्चीवर एक मुलगा जाऊन बसला आणि कोणाला काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला वाटलं की या नोकरीत मी एक तरी माणूस खरोखर राखलं.

वैनींचा एकदा फोन आला. विशेष काही नव्हतं. फोन बिघडला तर नाही ना, एवढंच विचारलं. पहाटे जाग येते आणि मग काय करावं सुचत नाही, म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलीने राजीनामा पाठवला. मी तिला बोलावून घेतलं. खरं सांगते, मला राग आला होता. तिच्यासाठी मी बंगळूरशी भांडले, त्या बाईच्या घरात जाऊन तिच्या सकाळी काढून घेतल्या, आणि आता ही जाते म्हणते. मी विचारलं, कुठे चाललीस. तिने सांगितलं, पापनाशमला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची जागा आहे. मी पगार विचारला नाही, तो मला ठाऊक आहे. मी म्हटलं, हे काम तुला आवडतं, तूच म्हणाली होतीस. ती म्हणाली, आवडतं. तिचे डोळे भरले. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मग तिने सांगितलं. आदल्या सकाळी ती न्हात होती. बाहेर फोन वाजला. ती घाईघाईने पाणी ओतायला लागली, आणि आवाज थांबला. बाहेर येऊन पाहते तर आई पलंगावर बसलेली, सुजलेल्या बोटांनी फोन धरून. ग्रुपवर हिचं नाव उमटलेलं, हिने काम हाती घेतलं आहे.

“मी शिकवलं नव्हतं, अक्का,” ती म्हणाली. “अम्मा म्हणाली, त्यात शिकायचं काय, रोज बघतेच की. तू आधी डोकं नीट पूस.”

तिला थांबवायला माझ्याकडे बरंच काही होतं. वाढीव पगाराची परवानगी आलेली होती, घरून काम करायची मुभा होती, अलार्म दुसऱ्याकडे द्यायचं वचनही देता आलं असतं. हे बोलण्यासाठीच मी त्या खोलीत बसते. मी काहीच काढलं नाही. तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि राजीनामा मंजूर केला.

उठताना ती दारात थांबली. टोचून बोलायचा तिचा स्वभाव नाही, तिने सहज विचारलं, “तुमच्या घरी कोण दाबतं, अक्का?”

“नवरा,” मी म्हणाले. तोंडातून निघेपर्यंत हे मला माहीत नव्हतं.